नऊशे एकतीस

शनिवारी संध्याकाळी पाच वाजले की इंग्लंडमध्ये रेडिओवर फुटबॉलचे निकाल वाचले जायचे. जेम्स अलेक्झांडर गॉर्डन नावाचे निवेदक १९७० च्या दशकापासून २०१३ पर्यंत बीबीसीवर हे काम करत होते. आधी यजमान संघाचं नाव आणि त्याचे गोल, मग पाहुण्या संघाचं नाव आणि त्याचे गोल. दुसऱ्या संघाचं नाव घेताना गॉर्डन यांचा आवाज चढला की उतरला, एवढ्यावरून ऐकणाऱ्याला निकाल कळायचा. क्रम ठरलेला होता. पहिला विभाग, दुसरा, तिसरा, चौथा. लिव्हरपूल, एव्हर्टन, आर्सेनल ही नावं सुरुवातीलाच येऊन जात. ग्रिम्स्बी, स्कन्थॉर्प, मॅन्सफील्ड, रॉचडेल या गावांच्या माणसांना मात्र आपलं नाव येईपर्यंत कान देऊन थांबावं लागे.

या वाचनात खेळाडूंची नावं नसत. गावाचं नाव आणि आकडा, बस्स. १९७५ ते २००१ या सव्वीस वर्षांत, मधले थोडे दिवस सोडले तर, या यादीत कुठे ना कुठे टोनी फोर्ड या माणसाची त्या दिवसाची मेहनत मोजली जात होती. कधी दुसऱ्या विभागात, कधी तिसऱ्या, कधी चौथ्या.

इंग्लंडच्या लीगमध्ये फोर्डपेक्षा जास्त सामने खेळलेला एकच माणूस आहे. तो म्हणजे गोलरक्षक पीटर शिल्टन, १,००५ सामने. गोलरक्षक सोडून मैदानभर पळणाऱ्यांमध्ये फोर्डचा आकडा सगळ्यांत मोठा आहे: ९३१. खालच्या विभागांत एका संघाच्या वाट्याला एका हंगामात ४६ सामने येतात. एकही सामना न चुकवता वीस हंगाम खेळून काढले आणि वर आणखी अकरा सामने खेळले, तेव्हा हा आकडा भरतो.

आणि या ९३१ मधला एकही सामना इंग्लंडच्या सर्वोच्च विभागातला नाही.

मला या माणसाबद्दल लिहावंसं वाटलं ते या दोन गोष्टी एकत्र वाचल्यावर. जगात जिथे फुटबॉलचा सर्वांत जास्त पैसा आणि प्रकाश आहे, त्या देशात सर्वांत जास्त काळ पळलेला माणूस त्या प्रकाशात एकदाही उभा राहिला नाही. याला अपयश म्हणावं का? मला तसं वाटत नाही. खेळ कुणाच्या खांद्यावर उभा असतो, या प्रश्नाचं इतकं स्पष्ट उत्तर देणारी दुसरी कारकीर्द मला माहीत नाही.

गाव बुडत होतं तेव्हा

ग्रिम्स्बी हे इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, हंबरच्या खाडीच्या तोंडाशी वसलेलं मासेमारीचं बंदर. विसाव्या शतकात एक काळ असा होता की जगातल्या मोठ्यात मोठ्या मासेमारी बंदरांत त्याची गणना होई. इथले ट्रॉलर थेट आइसलँडच्या पाण्यात कॉड मासा धरायला जात. गावातल्या क्लबचं टोपणनावही ‘मरिनर्स’, म्हणजे दर्यावर्दी. संघाचा सदरा काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा. ब्लंडेल पार्क हे त्यांचं मैदान मात्र शेजारच्या क्लीथॉर्प्सच्या हद्दीत येतं. तिथला मुख्य स्टँड १९०१ सालचा, लाकडी. समोर १९८२ मध्ये नवा उंच स्टँड बांधला, त्याला फिंडस या गोठवलेले मासे विकणाऱ्या कंपनीचं नाव दिलं. त्या स्टँडच्या वरच्या रांगांत बसलं की खाडीतून ये-जा करणारी जहाजं दिसतात. वारा समुद्रावरून सरळ मैदानात घुसतो. हिवाळ्यातल्या रात्रीच्या सामन्यात उंच मारलेला चेंडू तो वारा कुठे नेईल याचा भरवसा नसतो.

टोनी फोर्ड याच गावचा. जन्म १४ मे १९५९. ४ ऑक्टोबर १९७५ या दिवशी वॉल्सॉलविरुद्ध तिसऱ्या विभागातल्या सामन्यात तो बदली खेळाडू म्हणून पहिल्यांदा मैदानात उतरला. वय सोळा वर्षं एकशे त्रेचाळीस दिवस. ग्रिम्स्बीकडून इतक्या कमी वयाचा खेळाडू तोवर कधी खेळला नव्हता.

त्याच महिन्याच्या १५ तारखेला आइसलँडने आपल्या किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचं पाणी स्वतःच्या मासेमारीसाठी राखून ठेवण्याचा निर्णय अमलात आणला. ब्रिटन आणि आइसलँड यांच्यात जे तिसरं ‘कॉड युद्ध’ म्हणून ओळखलं जातं ते यातून पेटलं. ब्रिटिश ट्रॉलरांची जाळी आइसलँडच्या गस्ती नौकांनी तोडली, ट्रॉलरांच्या रक्षणाला ब्रिटनच्या युद्धनौका गेल्या, जहाजांना जहाजं धडकली. जून १९७६ मध्ये तडजोड झाली ती आइसलँडच्या बाजूने. ग्रिम्स्बीच्या दूरवर जाणाऱ्या ट्रॉलरांचं पाणीच गेलं. धक्क्यावरची बोटींची गर्दी काही वर्षांत ओसरली. माशांवर प्रक्रिया करणारे कारखाने टिकले, पण मासा इतरांनी धरलेला येऊ लागला.

तडजोडीच्या आधीच्या वसंतात एक विलक्षण गोष्ट घडली. ग्रिम्स्बीचे खासदार अँथनी क्रॉसलंड तेव्हा नुकतेच ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री झाले होते. २४ एप्रिल १९७६ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर त्यांच्यासोबत ब्लंडेल पार्कवर आले आणि तिसऱ्या विभागातला ग्रिम्स्बी-जिलिंगहॅम सामना पाहून गेले. गावाच्या पोटावर पाय देणारा प्रश्न ज्या खात्यात सुटत किंवा बिघडत होता, त्या खात्याचा मंत्री शनिवारी गावकऱ्यांच्या शेजारी बसून फुटबॉल पाहत होता. ग्रिम्स्बीच्या लोकांसाठी क्लब काय आहे, हे त्या एका दुपारी जगाला कळलं.

गावाचा पिढीजात धंदा बुडत होता तेव्हा गावातल्या एका पोराचा धंदा सुरू होत होता. फोर्डच्या कारकिर्दीकडे मी असंच पाहतो. बापजाद्यांच्या पिढीला बोटीवरची नोकरी होती, त्याच्या वाट्याला उजवी कड आली.

उजव्या कडेची वारी

उजव्या कडेने खेळणारा मधल्या फळीतला माणूस नेमकं काय करतो? इंग्लंडमध्ये तेव्हा संघाची मांडणी बहुतेक ठिकाणी ठरलेली असे. मागे चार, मधे चार, पुढे दोन. मधल्या चौघांतले दोघे मैदानाच्या मध्यभागी, दोघे दोन कडांना. उजव्या कडेच्या माणसाची जागा म्हणजे पांढऱ्या रेषेला लागून असलेली लांबलचक पट्टी. आपल्या संघाकडे चेंडू आला की त्याने पुढे पळायचं, समोरच्या बचावपटूला चुकवून गोलसमोर चेंडू टाकायचा. चेंडू गेला की तोंड फिरवून तितकंच अंतर मागे पळायचं आणि आपल्या उजव्या बचावपटूला मदत करायची. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. गोल झाला तर नाव आघाडीपटूचं होतं, गोल वाचला तर गोलरक्षकाचं. कडेच्या माणसाची धाव मोजायला कुणी बसत नाही.

आपल्याकडे आषाढी न चुकवणारा वारकरी असतो. आजवर किती वाऱ्या झाल्या, असं त्याला विचारलं तर तो बोटं मोजायला लागत नाही, ‘चालू आहे’ म्हणतो. फोर्डचं पळणं मला त्या जातीचं वाटतं. फरक इतकाच की त्याच्या वारीला दर आठवड्याला पंढरपूर होतं आणि कधी कधी आठवड्यातून दोनदा.

इंग्लंडच्या खालच्या विभागांचा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि मेपर्यंत चालतो. शनिवारी दुपारी तीनला सामना, बऱ्याचदा मंगळवारी रात्री दुसरा. नाताळात देश घरी बसतो तेव्हा फुटबॉलपटू कामावर असतो, कारण २६ डिसेंबरचा सामना ही तिथली जुनी परंपरा आहे. सण असला की गर्दी जास्त, गर्दी जास्त म्हणून सामना जास्त. त्या काळातली मैदानं जानेवारीत चिखलाची होत, गोलसमोरचं गवत नाहीसं होई. प्रवास बसने. नैर्ऋत्य टोकाच्या प्लिमथपासून स्कॉटलंडच्या सीमेजवळच्या कार्लाइलपर्यंत सहाशे किलोमीटरहून जास्त अंतर आहे, आणि हे दोन्ही क्लब एकाच विभागात खेळलेले आहेत.

आणि दर मे महिन्यात येणारी ‘रिटेन्ड लिस्ट’. पुढच्या हंगामासाठी क्लब कुणाला ठेवणार आणि कुणाला सोडणार, त्याची ही यादी. मोठ्या क्लबच्या ताऱ्याला तिची भीती नसते. वर्षा-दोन वर्षांच्या करारावर घर चालवणाऱ्या खेळाडूला असते. करार ३० जूनला संपतो, मुलांची शाळा, घराचा हप्ता त्याच तारखेवर टांगलेला असतो. तिशी ओलांडली की ही टांगती तलवार दर वर्षी खाली येत जाते. फोर्डने अशा पंचवीसहून अधिक उन्हाळ्यांतून आपलं काम टिकवलं.

दार जवळ आलं तेव्हा

ग्रिम्स्बीचा संघ १९७७ मध्ये चौथ्या विभागात घसरला. तिथून मात्र वर चढला. १९७८-७९ मध्ये चौथ्या विभागात दुसरा क्रमांक आणि बढती. लगेच पुढच्या हंगामात, १९७९-८० मध्ये, तिसऱ्या विभागाचं विजेतेपद. पुढची बरीच वर्षं संघ दुसऱ्या विभागात टिकून राहिला. वीस-एकवीस वर्षांचा फोर्ड या चढणीतला नेहमीचा गडी होता. त्याच संघात गावचाच आणखी एक मुलगा होता, त्याच्याहून वर्षभराने लहान. केविन ड्रिंकेल, आघाडीपटू. ड्रिंकेल पुढे नॉर्विचला गेला आणि तिथून स्कॉटलंडच्या रेंजर्सला. फोर्ड १९८६ पर्यंत ग्रिम्स्बीतच राहिला. एका गावची, एका संघातली दोन मुलं, पण गोल करणाऱ्याची वाट वेगळी आणि गोलपर्यंत चेंडू पोचवणाऱ्याची वेगळी.

१९८६ मध्ये तो काही आठवडे उसनवार तत्त्वावर संडरलँडला खेळला. संडरलँड हा मोठा क्लब, पण आदल्या वर्षीच दुसऱ्या विभागात आलेला. मग स्टोक सिटी. १९८२ च्या विश्वचषकात इंग्लंडचं नेतृत्व केलेले मिक मिल्स तिथे मॅनेजर होते. स्टोकही दुसऱ्या विभागातच. इथे त्याचे ११२ लीग सामने झाले. मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या शहराला दीर्घायुषी खेळाडूंचं अप्रूप आहे. स्टॅन्ली मॅथ्यूज हा त्यांचा उजव्या कडेचाच खेळाडू फेब्रुवारी १९६५ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर पाच दिवसांनी, पहिल्या विभागातला आपला शेवटचा सामना खेळला होता.

१९८९ मध्ये फोर्ड वेस्ट ब्रॉमविच अल्बियनला गेला. त्याच वर्षी, वयाच्या तिशीत, इंग्लंडच्या ‘बी’ संघाकडून तो दोन सामने खेळला. देशाच्या मुख्य संघाच्या उंबरठ्यापर्यंत पोचण्याची त्याच्या आयुष्यातली ही एकमेव वेळ. वेस्ट ब्रॉमचा इतिहास मोठा होता, पहिल्या विभागात परतण्याची त्यांची इच्छाही मोठी होती. घडलं उलटंच. १९९१ मध्ये क्लब तिसऱ्या विभागात घसरला, तोही आपल्या इतिहासात पहिल्यांदा. सर्वोच्च विभाग पुन्हा लांबला. त्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये फोर्ड ग्रिम्स्बीला परतला. दोन्ही टप्पे मिळून गावच्या क्लबसाठी त्याने चारशेहून अधिक लीग सामने खेळले.

१९९२ मध्ये बावीस मोठ्या क्लबांनी वेगळं होऊन प्रीमियर लीग काढली. उरलेल्या विभागांची नावं एकेक पायरी वर सरकली, म्हणजे कालचा दुसरा विभाग आज ‘पहिला’ झाला. ग्रिम्स्बीचा संघ त्या विभागात होता. त्यामुळे वयाच्या तेहतिसाव्या वर्षी कागदावर फोर्ड पहिल्या विभागातला खेळाडू ठरला. पायरी तीच होती, फक्त पाटी बदलली होती.

कातडीचा रंग

एक गोष्ट आकड्यांत दिसत नाही. टोनी फोर्ड कृष्णवर्णीय आहे. १९७५ मध्ये इंग्लंडच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये असे खेळाडू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. इंग्लंडच्या मुख्य संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, व्हिव्ह अँडरसन, आला तो नोव्हेंबर १९७८ मध्ये. प्रेक्षकांतून माकडांचे आवाज काढले जात, मैदानात केळी फेकली जात, वंशद्वेषी नॅशनल फ्रंटची माणसं स्टेडियमबाहेर आपली पत्रकं विकत. वेस्ट ब्रॉमने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सिरिल रेजिस, लॉरी कनिंगहॅम आणि ब्रेंडन बॅटसन या तिघांना एकत्र खेळवलं तेव्हा ती मोठी घटना मानली गेली. त्या तिघांनी उघडलेल्या दारातून पुढे शेकडो मुलं आली.

या तिघांची आठवण ठेवताना खालच्या विभागांतल्या माणसांची आठवण ठेवायला हवी. मोठ्या मैदानावर चाळीस हजारांच्या गलक्यात शिवी विरून जाते. तीन हजारांच्या मैदानात, पांढऱ्या रेषेपासून दोन-तीन मीटरवर उभ्या असलेल्या माणसाची शिवी शब्द न् शब्द ऐकू येते. आणि त्या रेषेला सर्वांत जवळ असतो तो कडेचा खेळाडू. रोज मैदानात उतरणं हेच या खेळाडूंनी दिलेलं उत्तर होतं, आणि फोर्डने ते उत्तर २६ वर्षं दिलं. १९७५ मध्ये जो चेहरा विरळा होता तो २००१ पर्यंत प्रत्येक संघात सर्रास दिसू लागला. हा बदल कायद्याने आणि भाषणांनी झाला तितकाच अशा हजेरीने झाला.

बॅरोहून परत

१९९४ ते १९९६ फोर्ड स्कन्थॉर्प युनायटेडकडून चौथ्या पायरीवर खेळला. आपल्या वाचकांना हा क्लब क्रिकेटमुळे ठाऊक असण्याची शक्यता आहे. १९८० ते १९८५ या काळात इयान बॉथम याच क्लबकडून लीगचे अकरा सामने खेळला होता. केविन कीगन आणि रे क्लेमन्स हे इंग्लंडचे दोन दिग्गज इथूनच लिव्हरपूलला गेले. पोलादाच्या कारखान्यांचं हे गाव घडवायचं आणि पाठवून द्यायचं, अशी त्याची ख्याती.

१९९६ मध्ये सदतीस वर्षांचा फोर्ड लीगच्याही बाहेर गेला. बॅरो हा वायव्य किनाऱ्यावरचा, पाणबुड्या बांधणाऱ्या गावाचा क्लब. त्यांनी १९७२ मध्ये लीगमधली जागा गमावली होती आणि ती परत मिळवायला त्यांना २०२० उजाडावं लागलं. तिथे जाणं म्हणजे बहुतेकांसाठी वाटेचा शेवट. तोवर फोर्डचे सातशेहून थोडे जास्त लीग सामने झाले होते. तो तिथेच थांबला असता तर आज त्याचं नाव ग्रिम्स्बीबाहेर कुणी घेतलं नसतं, आणि मी हा लेख लिहिला नसता.

त्याच वर्षी मॅन्सफील्ड टाउनचा मॅनेजर झाला स्टीव्ह पार्किन. वय एकतीसही पूर्ण नव्हतं. पार्किन स्टोकमध्ये आणि वेस्ट ब्रॉममध्ये फोर्डचा सहकारी होता, वयाने सहा वर्षांनी लहान. त्याने फोर्डला बोलावून घेतलं, खेळाडू म्हणूनही आणि मदतनीस म्हणूनही. सकाळी पोरांचा सराव घ्यायचा आणि शनिवारी त्याच पोरांबरोबर खेळायचं. स्वतःहून लहान असलेल्या, कालपर्यंत बरोबरीने खेळलेल्या माणसाच्या हाताखाली काम करायला मोठं मन लागतं. मॅन्सफील्ड आणि नंतर रॉचडेल मिळून फोर्ड या शेवटच्या डावात जवळपास १९० लीग सामने खेळला. बऱ्याच चांगल्या खेळाडूंची सगळी कारकीर्द एवढी असते.

एक हंगाम, दोन माणसं

१९९८-९९ चा हंगाम. मॅन्सफील्ड देशाच्या चौथ्या पायरीवर, म्हणजे नव्या नावाने ‘तिसऱ्या’ विभागात. मैदानी खेळाडूंमध्ये सर्वाधिक लीग सामन्यांचा विक्रम तोवर टेरी पेनच्या नावावर होता, ८२४. पेनही उजव्या कडेचाच. साउदॅम्प्टन आणि हेरफर्डकडून खेळलेला, १९६६ च्या विश्वविजेत्या इंग्लंड संघातला. १९९९ मध्ये फोर्डने त्याला मागे टाकलं. वय एकोणचाळीस.

त्याच हंगामात, त्याच विभागात, आणखी एक गोष्ट घडली, आणि इंग्लंडमध्ये ती अजून सांगितली जाते. ८ मे १९९९, हंगामाचा शेवटचा दिवस. कार्लाइल युनायटेडला लीगमध्ये राहायचं तर प्लिमथला हरवणं भाग होतं. सामना बरोबरीत, वाढीव वेळेचे शेवटचे क्षण. कार्लाइलला कॉर्नर मिळाला. जिमी ग्लास नावाचा, स्विंडनहून तात्पुरता आणलेला गोलरक्षक आपलं गोल सोडून धावत पुढे आला आणि त्याच्या पायाने चेंडू जाळ्यात गेला. कार्लाइल वाचलं, स्कार्बरो लीगबाहेर गेलं. ग्लास कार्लाइलकडून एकूण तीन सामने खेळला.

ग्लासचा गोल थोर होता यात शंका नाही. एका शहराचा क्लब त्या एका पायाने वाचवला. पण या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या की आपल्या स्मरणशक्तीचा स्वभाव कळतो. तीन सामने आणि एक क्षण आपल्या लक्षात राहतो. सव्वीस वर्षं लक्षात ठेवायला आपल्याकडे जागा नसते. क्षणाचं चित्र काढता येतं, सातत्याचं चित्र काढता येत नाही, ते फक्त मोजता येतं. म्हणून फोर्डसाठी आकडा महत्त्वाचा आहे. त्याच्याकडे दाखवायला तोच आहे, आणि तो आकडा प्रामाणिक आहे.

रॉचडेल

१९९९ मध्ये पार्किन रॉचडेलला गेला, फोर्डही गेला. सहकारी चळवळीचा अभ्यास केलेल्या महाराष्ट्रातल्या कुठल्याही माणसाला रॉचडेल हे नाव नवं नाही. १८४४ मध्ये इथल्या टोड लेनवर गिरणी कामगारांनी आणि कारागिरांनी थोडी थोडी शिल्लक गोळा करून दुकान काढलं. सभासदाला एक मत, नफ्याची वाटणी खरेदीच्या प्रमाणात, ही त्यांची तत्त्वं पुढे जगभर गेली. आपल्या साखर कारखान्यांची आणि पतसंस्थांची पोटनियमांची पुस्तकं उघडली तर त्यांच्या मुळाशी ही तत्त्वं सापडतात.

या गावचा फुटबॉल क्लब १९७४ ते २०१० अशी सलग छत्तीस वर्षं लीगच्या सर्वांत खालच्या विभागात होता. वर चढला नाही आणि बंदही पडला नाही. दर शनिवारी काही हजार माणसं येत राहिली, क्लब चालू राहिला. फोर्डने कारकिर्दीचा शेवट इथे करावा, हे मला फार साजेसं वाटतं. टिकून राहणं म्हणजे काय, हे जाणणारं गाव आणि तेच जाणणारा खेळाडू.

त्याच दिवसांत रॉचडेलच्या शेजारच्याच बरी या गावात एक भारतीय मुलगा आला होता. सप्टेंबर १९९९ च्या अखेरीस बायचुंग भुतियाने बरी एफसीशी करार केला. युरोपात व्यावसायिक फुटबॉल खेळायला गेलेला आपल्या काळातला हा पहिला भारतीय. बरी तेव्हा तिसऱ्या पायरीवर होतं. भारतातला सर्वोत्तम आघाडीपटू आणि खालच्या विभागांचा हा विक्रमवीर, दोघेही एकाच पट्ट्यात, शेजारच्या गावांत, चिखलाच्या मैदानांवर कष्ट करत होते. भुतियाला तिथे गोल थोडेच करता आले. आपल्याकडे त्याबद्दल थोडं वाईट वाटून घेतलं गेलं. पण त्या विभागांत टिकणं किती कठीण आहे, हे फोर्डची कारकीर्द वाचली की नीट कळतं. बरी एफसीला पुढे, २०१९ मध्ये, पैशाच्या घोळापायी लीगमधून काढून टाकलं गेलं. एकशे पंचवीस वर्षांचं सदस्यत्व एका रात्रीत संपलं.

फोर्डला ब्रिटिश सरकारने एम.बी.ई. हा किताब दिला. २००१ मध्ये, बेचाळीस वर्षांचा असताना, त्याने बूट काढून ठेवले आणि पार्किनबरोबर बार्न्स्लीला प्रशिक्षणाचं काम करायला गेला.

बदललेला खेळ

तो आला तेव्हा सामन्यात एकच बदली खेळाडू चालत असे. लीगमध्ये पिवळं आणि लाल कार्ड यायला आणखी वर्ष होतं. विजयाला दोन गुण मिळत, तीन नव्हे. ते १९८१ मध्ये आले. मागे दिलेला चेंडू गोलरक्षक हाताने उचलू शके, तो नियम १९९२ मध्ये बदलला. ब्रॅडफर्डच्या लाकडी स्टँडला मे १९८५ मध्ये आग लागून ५६ माणसं गेली, हिल्सबरोला १९८९ मध्ये चेंगराचेंगरी झाली, आणि मैदानांच्या रचनेचे नियम बदलले. फेब्रुवारी १९७९ मध्ये ट्रेव्हर फ्रान्सिस ब्रिटनमधला दहा लाख पौंडांचा पहिला खेळाडू ठरला, १९९५ च्या बोसमन निकालाने करार संपलेल्या खेळाडूला मोकळं केलं. या सगळ्यातून फोर्ड खेळत राहिला. खेळाचे नियम, पैसा, प्रेक्षक सारं बदललं, उजवी कड तेवढी तीच राहिली.

इंग्लंडच्या व्यावसायिक लीगांत आज ९२ क्लब आहेत. वीस प्रीमियर लीगमध्ये, बहात्तर त्याखाली. जगभरच्या दूरचित्रवाणीवर वीस क्लब दिसतात. पण इंग्लंडमध्ये फुटबॉल गावोगाव का रुजला, याचं उत्तर त्या बहात्तरांत आहे. बाप मुलाला हात धरून जिथे नेतो ते मैदान बहुधा यांचं असतं. तिथे खेळणारा माणूस दुकानात भेटतो, त्याचा मुलगा आपल्या मुलाच्या शाळेत असतो. त्या माणसांनी कामावर यायचं थांबवलं तर वरचे वीस क्लब शून्यावर उभे राहतील, कारण खेळाडू, पंच, प्रेक्षक हे सगळे खालूनच वर येतात.

आपल्याकडे क्रीडापानांवर फक्त शिखरं छापली जातात. रणजीत पंधरा-पंधरा वर्षं घाम गाळून भारताची टोपी न मिळालेले खेळाडू आपल्याकडेही आहेत. त्यांची नावं घ्यायला आपण कचरतो, जणू ते मागे राहिले. फोर्डची कारकीर्द वाचून माझं मत पक्कं झालं आहे की ते मागे राहिलेले नाहीत, ते खाली उभे आहेत, आणि वरचं सगळं त्यांच्यावर उभं आहे.

तुमच्या तालुक्यात, तुमच्या पेठेत असा एखादा माणूस नक्की असेल. वीस वर्षं एकाच मैदानावर येणारा, कुठल्याच बातमीत न आलेला. या दिवाळीत त्याला भेटा आणि विचारा, किती सामने झाले? त्याने मोजले नसतील तर तुम्ही मोजा आणि लिहून ठेवा. टोनी फोर्डचे कुणीतरी मोजले म्हणून आज आपल्याला ठाऊक आहेत: लीग सामने नऊशे एकतीस, गोल एकशे आठ.